अ‍ॅनायलेशन वाचून झाली. पुढचे भाग वाचू की इथेच थांबू?

कंदील

जेफ वँडरमिअरची 'अ‍ॅनायलेशन' वाचून संपवली आणि पुढचं पुस्तक उघडावं की नाही, इथे अडले आहे. ही कादंबरी २०१४ मध्ये आली. 'ऑथॉरिटी' आणि 'अ‍ॅक्सेप्टन्स' हे पुढचे दोन भाग त्याच वर्षी आले आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, 'अ‍ॅब्सोल्यूशन' हा चौथा. म्हणजे वाचायला पुष्कळ आहे. पण पहिल्या पुस्तकाने मनात जे काही करून ठेवलंय ते पुढच्या भागांनी पुसलं जाईल अशी भीती वाटते. नुसतं 'हो वाच' किंवा 'नको वाचू' असं उत्तर मला पुरणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खाली पहिल्या भागातलं सगळं उघड केलं आहे. ज्यांना तो वाचायचा आहे त्यांनी धागा इथेच बंद करावा. दुसऱ्या-तिसऱ्या भागातलं काही मला कळू देऊ नका, ही विनंती.

ज्यांना वाचून बराच काळ झालाय त्यांच्यासाठी: समुद्रकाठचा एक प्रदेश तीस वर्षं बाकीच्या जगापासून तुटलेला आहे. त्याचं नाव एरिया एक्स. सदर्न रीच नावाचं सरकारी खातं तिथे मोहिमा पाठवतं. पहिली मोहीम परत येऊन सांगते की आत निर्मळ, माणसाचा हात न लागलेला निसर्ग आहे. दुसऱ्या मोहिमेतले लोक आत्महत्या करतात. तिसरीतले एकमेकांना गोळ्या घालतात. अकराव्या मोहिमेतली माणसं सीमा ओलांडताना कोणालाच दिसली नाहीत, एकदम आपापल्या घरी उगवली, मख्ख, आतून रिकामी झाल्यासारखी, आणि काही महिन्यांत कॅन्सरने गेली. आता बारावी मोहीम. चौघी बायका: जीवशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, सर्वेक्षक, मानसशास्त्रज्ञ. कोणालाही नाव नाही. फोन नाही, संगणक नाही, कॅमेरा नाही. टिपणं काढायला वह्या, आणि कमरेला एक काळी डबी. ती नेमकं काय मोजते हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सगळं आपल्याला जीवशास्त्रज्ञ सांगते.

जंगलातल्या भयकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. संध्याकाळ झाली की बोरूच्या रानातून कण्हण्याचा आवाज येतो, तो इथेही आहे, आणि चांगला जमलाय. कालव्यात डॉल्फिन दिसतात, त्यातल्या एकाचा डोळा माणसाचा वाटतो, तेही अंगावर येतं. पण मी पुस्तक बाजूला ठेवून उठले ती वेगळ्याच ठिकाणी.

जमिनीत खाली उतरत जाणारा जिना त्यांना सापडतो, नकाशावर नसलेला. बाकीच्यांच्या लेखी ते भुयार, ही एकटी त्याला हट्टाने मनोरा म्हणते. आतल्या भिंतीवर जिवंत, बुरशीसारख्या वाढीने लिहिलेली वाक्यं आहेत. ती जवळ जाऊन बघते, बीजाणूंची एक फुंकर तिच्या तोंडावर येते आणि श्वासातून आत जाते. त्यानंतर तिला दिसतं की ती भिंत दगडाची नाहीच. श्वास घेतेय. आत ठोके पडतायत. शेजारी उभ्या असलेल्या सर्वेक्षकाला मात्र दगडच दिसतो. पुढे उलगडतं की मानसशास्त्रज्ञ त्यांच्यावर संमोहन करतेय, आणि भिंत शिंपल्यांच्या दगडाची दिसेल असं तिने त्यांना पढवून ठेवलंय. बीजाणूंमुळे जीवशास्त्रज्ञावर ते संमोहन चालेनासं झालंय.

म्हणजे एका भिंतीसमोर दोन माणसं उभी आहेत. एकीला दगड दिसतो, कारण तिला तसं बघायला लावलंय. दुसरीला मांस दिसतं, कारण तिच्या शरीरात काहीतरी शिरलंय. यातली खरं कोण बघतेय? वाचताना आपण सहज दुसरीच्या बाजूने होतो, कारण गोष्ट तिची आहे. पण तिच्यावर विश्वास ठेवायला आपल्याकडे आधार काय? जी जागा तपासायला ती आली आहे, त्या जागेनेच तिला हे डोळे दिले आहेत. मला ही भीती कुठल्याही कण्हण्यापेक्षा मोठी वाटली, कारण तिच्यापासून पळून जायला जागा नाही.

शिवाय ही बाई आपल्यापासून गोष्टी लपवते. तिचा नवरा अकराव्या मोहिमेत होता, हे ती सुरुवातीला सांगतच नाही. सांगते तेव्हा त्याच कोरड्या, टिपणवहीच्या सुरात सांगते, जणू एखाद्या बेडकाची नोंद करावी. आधी मला ती निष्ठुर वाटली. मग तिच्या लहानपणाचा तो पोहण्याचा तलाव आला. भाड्याच्या घरामागचा तलाव, आईवडिलांनी लक्ष न दिल्यामुळे शेवाळाने भरलेला. बेडूक येतात, किडे येतात, पक्षी येतात, आणि ही मुलगी तासन्‌तास काठावर बसून वहीत लिहीत राहते. कोणात मिसळत नाही. पुढे घर सोडावं लागतं. त्या दोन-तीन पानांनंतर मला तिचा स्वभाव कळला असं वाटलं. बघणं हीच तिची माया करण्याची पद्धत आहे. नवऱ्याला ती तसं कधी बघू शकली नाही, आणि तो गेल्यावर त्याची वही वाचताना बघते. दीपगृहातला तो प्रसंग मी दोनदा वाचला. जमिनीतली झडप उघडल्यावर खाली वह्यांचा ढीग आहे, कुजलेला, बुरसटलेला, आणि अकरा मोहिमांच्या वह्या इतक्या असूच शकत नाहीत. किती माणसं पाठवली असतील त्या खात्याने? आणि त्या ढिगात याची वही. पानापानावर तो तिच्याशी बोलत होता.

शेवटी ती परत फिरत नाही. किनाऱ्याने वर, तो गेला असेल त्या दिशेने निघते. माझ्यासाठी पुस्तक तिथे पुरं झालं. मनोरा कोणी बांधला, भिंतीवर लिहिणारा तो जीव कुठून आला, सीमा कशी तयार झाली, यातलं काहीही कळलं नाही, आणि ते कळलं नाही याचं मला दुःखही नाही.

तर प्रश्न असा. पुढच्या भागांत उलगडा होतो का? होत असेल तर पहिल्या भागाची धार जाते का? आणि होत नसेल तर त्या पुस्तकांत वाचण्यासारखं काय आहे? दुसरा भाग जवळजवळ सगळा कचेरीत घडतो असं कळलं, त्यानेही जरा मन मागे येतंय.

---

रात्रपाळी

वाचा. पण लगेच नको.

'ऑथॉरिटी' लोक अर्ध्यात सोडतात ते बहुतेक याच कारणाने. पहिल्या भागाच्या तंद्रीतच ते दुसरा उघडतात, त्यांना ते रान पुन्हा हवं असतं आणि मिळतात बैठका, फायली, जिने, बंद दारं. मीही पहिल्यांदा वाचताना कंटाळलो होतो. काही महिन्यांनी पुन्हा घेतलं तेव्हा लक्षात आलं की भीती तीच आहे, फक्त सीमेच्या या बाजूची. तीस वर्षं एका गोष्टीकडे बघत बसलेल्या खात्याचं काय होतं, हे त्यात आहे. तुम्ही विचारलंय ना, किती माणसं पाठवली असतील? ज्याला हा प्रश्न पडलाय त्याच्यासाठीच दुसरा भाग आहे. यापेक्षा जास्त सांगत नाही.

उलगड्याबद्दल: काही गोष्टी कळतात. 'कोणी' आणि 'कुठे' यांची उत्तरं बऱ्यापैकी मिळतात, 'का' याचं मिळत नाही. मला ते प्रमाण योग्य वाटलं.

आणि २०१८ चा अ‍ॅलेक्स गारलंडचा सिनेमा पाहिला नसेल तर तो पुस्तकाचं उत्तर समजून पाहू नका. चौघींच्या पाच झाल्या आहेत, त्यांना नावं आहेत, जमिनीत उतरणारा मनोरा नाही, संमोहन नाही. गारलंडने पुस्तक पुन्हा उघडून न बघता आठवणीतून पटकथा लिहिली, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. सिनेमा म्हणून मला आवडतो, त्यातलं अस्वल तर विसरता येत नाही. पण तुम्ही ज्या भिंतीबद्दल लिहिलंय, दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी बघण्याबद्दल, ते त्यात नाही. तिथे सगळ्यांना, आपल्यालाही, तेच दिसतं.

---

शेवाळ

कंदील, तुमची पोस्ट दोनदा वाचली. भिंतीबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर मला बोलायचंच आहे, कारण माझं रोजचं काम बुरशी आणि दगडफुलांशी आहे. (दगडफूल म्हणजे एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून तयार झालेला तो संसार आहे. २०१६ साली त्यातल्या बऱ्याच दगडफुलांत यीस्टचा तिसरा भागीदारही सापडला. दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही तो कोणाला दिसला नव्हता. हे इथे अवांतर आहे, पण फार अवांतर नाही.)

तुम्ही विचारलंत, तिच्यावर विश्वास ठेवायला आधार काय. माझं उत्तर: तिच्या नोंदी. ती काय म्हणते यापेक्षा ती काय करते ते बघा. नमुने घेते, कुठून घेतले ते लिहिते, काचेखाली घालते. ओसाड गावातल्या शेवाळाचा आणि एका कोल्ह्याचा नमुना तपासल्यावर तिला बदललेल्या मानवी पेशी दिसतात. इथे दुसऱ्या कोणा लेखकाने तिला किंचाळायला लावलं असतं. ही नोंद करते आणि पुढे जाते. मी तिच्या जागी असते तर असंच केलं असतं. भीती वाटली नसती म्हणून नाही. हात काम करत असले की भीतीला बसायला जागा कमी मिळते म्हणून. हे लेखकाला माहीत आहे, आणि जीवशास्त्र न शिकता माहीत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता बीजाणूंचं. मुंग्यांवर वाढणारी ऑफिओकॉर्डिसेप्स बुरशी ऐकली असेल. मुंगी वारूळ सोडते, झुडपावर ठरावीक उंचीपर्यंत चढते, पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात घट्ट धरते आणि तशीच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ फुटतो आणि बीजाणू खाली पडतात, खालून जाणाऱ्या मुंग्यांवर. वर्षानुवर्षं समज असा होता की बुरशी मुंगीच्या मेंदूचा ताबा घेत असणार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चित्र वेगळं निघालं. बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं विणून बसल्या होत्या आणि मेंदूत त्या सापडल्याच नाहीत. बहुधा मेंदूवर ती रसायनांनी दुरूनच काम करत असावी, पण मेंदू जागच्या जागी आहे.

पुस्तक त्याच्या तीन वर्षं आधीचं आहे, म्हणून लेखकाला हे माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तरी मला प्रत्येक वेळी ते आठवतं. बीजाणू आत गेल्यापासून जीवशास्त्रज्ञाच्या अंगात एक उजळपणा, ती प्रभा, पसरत जाते, जखमा भरून येतात, गोळी लागूनही ती चालत राहते, आणि या सगळ्यात तिचं डोकं लख्ख असतं. ती वेडी झाली असती तर आपल्याला सोपं गेलं असतं. वेड्या माणसाचं म्हणणं बाजूला ठेवता येतं. ही स्वच्छ भाषेत, क्रमवार, स्वतःच्या बदलाची टिपणं ठेवते. आजारी माणूस आणि आजाराची नोंद ठेवणारा माणूस एकच. 'खरं कोण बघतेय' याचं उत्तर म्हणूनच देता येत नाही. ते उत्तर द्यायला बाहेर उभं राहणारं कोणीतरी लागतं आणि एरिया एक्समध्ये बाहेर नावाची जागा उरलेली नाही.

प्रदेशाबद्दलही सांगते, कारण पुष्कळ लोक तो काल्पनिक समजतात. ती भूमी उत्तर फ्लोरिडातली आहे. वँडरमिअर टॅलाहासीला राहतो, आणि जवळच्या सेंट मार्क्स अभयारण्यात तो वर्षानुवर्षं पायी भटकत आला आहे. पाइनचं जंगल, मग काळ्या पाण्यात उभी असलेली सायप्रसची झाडं, मग खाऱ्या दलदलीतली गवतं, मग किनारा आणि दीपगृह. पुस्तकात त्या चौघी याच क्रमाने जातात. गोड पाणी आणि खारं पाणी मिळतं त्या पट्ट्यात दोन्हीकडचे जीव असतात, आणि दर भरतीला त्यांची जागा बदलते. जीवशास्त्रज्ञाचा विषयही तोच, एका अधिवासातून दुसऱ्यात जाणाऱ्या सीमा. लेखकाने तिला हा विषय उगाच दिलेला नाही. सीमेवरच्या जागी कुठे एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली हे काठी रोवून दाखवता येत नाही. पुढे तिच्या शरीराचंही तेच होतं.

आणखी एक. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि समुद्रतळातून ८७ दिवस तेल वाहत राहिलं. आपल्या ओळखीच्या किनाऱ्यावर हे येणार, या भावनेचा या पुस्तकांशी संबंध असल्याचं लेखकाने सांगितलं आहे. हे कळल्यावर मी पुस्तक उलटं वाचू लागले. आत काहीतरी शिरलंय आणि ते थांबवता येत नाही, ही गोष्ट आधी समुद्राची होती, मग बाईची झाली.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. उलगडा झाल्याने धार जाईल ही भीती रहस्यकथेच्या बाबतीत रास्त आहे. तिथे सगळा ताण उत्तरावर टांगलेला असतो. इथे तुम्हाला ज्याची भीती वाटली ते उत्तर मिळून जाणारं नाही. उद्या कोणी येऊन एरिया एक्स म्हणजे अमुक असं सांगितलं, तरी त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या दोघींपैकी खरं कोण बघत होती, हा प्रश्न तसाच राहतो. पुढचे भाग निर्धास्त वाचा.

---

तिसरी_घंटा

माझं मत वेगळं आहे. इथेच थांबा.

पुढची पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. तुम्हीच लिहिलंय की ती किनाऱ्याने वर निघाली आणि पुस्तक पुरं झालं. नाटकात पडदा कुठे पाडायचा हे लेखकाइतकंच प्रेक्षकालाही कळतं, आणि तो एकदा पडल्यावर नटांच्या खोलीत डोकावू नये असं मला मनापासून वाटतं.

निषिद्ध प्रदेशाच्या गोष्टीत दोन घराणी आहेत असं मी मानतो. एक स्ट्रुगात्स्की या रशियन लेखक बंधूंच्या 'रोडसाइड पिकनिक' या कादंबरीचं, १९७२ चं. (तारकोव्हस्कीचा १९७९ चा 'स्टॉकर' हा सिनेमा त्यावरूनच निघाला, पटकथाही त्याच भावांची.) तिथे परग्रहावरचं कोणी येऊन गेलंय आणि मागे झोन उरलाय. लोक चोरून आत जातात, कारण आतल्या वस्तू विकता येतात. पुढे पाऊल टाकण्याआधी ते नटबोल्ट फेकून बघतात, हवेत कुठे दबा धरलेला सापळा आहे का. झोन जीवघेणा आहे, पण हातापायांनी शिकता येतो. जुना माणूस नव्याला शिकवतो, चुकला तो मरतो, आणि ज्ञान साठत जातं. आपल्याकडे धारपांच्या समर्थकथा घ्या. तिथे अमानवी शक्ती कितीही भयंकर असो, तिचे नियम जाणणारा कोणीतरी आहे. समर्थ आले की वाचकाचा जीव भांड्यात पडतो.

'अ‍ॅनायलेशन'मध्ये ज्ञान साठतच नाही. वह्यांचा ढीग आहे, पण तो कुजतोय. आधीच्या मोहिमांनी काय पाहिलं ते नव्या मोहिमेला सांगितलं जात नाही, सांगितलं तर खोटं सांगितलं जातं. सीमा ओलांडतानासुद्धा त्या संमोहनाखाली असतात, म्हणजे आपण आत कशा आलो एवढंही त्यांच्या गाठीशी नाही. प्रत्येक मोहीम पहिलीच मोहीम आहे. मला या पुस्तकाची खरी क्रूरता यात दिसते, आणि ती जागेची नसून खात्याची आहे. आता मला सांगा, चार भाग वाचून माहिती साठवत गेलेला वाचक त्या चौघींच्या जागी उभा राहू शकेल का? तो तर पहिल्या घराण्यातला होऊन बसणार, नटबोल्ट फेकणारा.

शेवाळ यांनी भिंतीबद्दल लिहिलेलं पटलं. पण प्रश्न तसाच राहतो म्हणून उत्तरं वाचायला हरकत नाही, हे नाही पटलं. प्रश्न राहतो, वाचक राहत नाही.

---

शेवाळ

तिसरी_घंटा, ज्ञान कुजतंय हा मुद्दा फार मोलाचा. याच्या जोडीला एक आठवा. वह्यांवर जी बुरशी वाढतेय ती त्या वह्यांतला कागद खाऊन वाढतेय, आणि खाली मनोऱ्यात बुरशीच वाक्यं लिहितेय. माणसाने लिहिलेलं तिकडे नाहीसं होतंय आणि इकडे दुसरं कोणीतरी लिहितंय. लेखन थांबलेलं नाही, लिहिणारा बदललाय. म्हणून 'ज्ञान साठत नाही' हे माणसाच्या बाजूने खरं आहे. त्या जागेच्या बाजूने ते साठतच असेल.

वाचक बदलतो, हे मान्य. पण या पुस्तकाचं म्हणणंच ते आहे ना? जीवशास्त्रज्ञ पूर्वीसारखी राहायची असती तर तिने त्या ओळींजवळ तोंड न्यायलाच नको होतं. ती वाकली आणि जवळून बघितलं. मला ती आवडते ती यासाठी.

---

रात्रपाळी

तिसरी_घंटा यांनी झोनचा विषय काढलाच आहे तर माझं थोडं.

चेर्नोबिलमध्ये १९८६ च्या अपघातानंतर माणसं हलवली आणि तिथे लांडगे वाढले. १९९८ मध्ये प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे आणून सोडले, ते तग धरून आहेत. दोन्ही कोरियांच्या मधला निर्लष्करी पट्टा १९५३ पासून बंद आहे, जेमतेम चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. दोन्ही बाजूंना तोफा आणि मध्ये भूसुरुंग, आणि हिवाळ्यात तिथे लाल मुकुटाचे क्रौंच उतरतात. किरणोत्सर्ग आणि सुरुंग, आणि तरी प्राण्यांना तिथे बरं. कारण आपण तिथे नाही.

एरिया एक्सबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. तिथला निसर्ग भयाण नाही. तो निरोगी आहे. पहिल्या मोहिमेने जे सांगितलं ते खोटं नव्हतं. हवा चांगली, पाणी चांगलं, पक्षी भरपूर. आपल्या शिकारकथांत आणि भुताच्या गोष्टींत रान काळंकुट्ट असतं, त्यामुळे माणसाला आपली वस्ती चांगली वाटते. इथे उलट आहे. जिथे माणसाची बोटं लागलीत, म्हणजे ते खातं, ती तालीम, ते संमोहन, तिथे सगळं सडलेलं. तीस वर्षं एक किनारा आपल्यावाचून सुखात आहे, आणि आपण मोहिमांमागून मोहिमा पाठवतोय, ते कशासाठी? त्याला बरं करायला? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कंदील, तुम्ही दुसरा भाग वाचलात तर यावर बोलू.

---

कंदील

तिघांचेही मनापासून आभार. इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मुंगीचं वाचून मी तिने स्वतःच्या बदलाबद्दल लिहिलेली पानं पुन्हा काढली. शेवाळ म्हणतात ते बरोबर आहे, एकही वाक्य डळमळीत नाही. उलट जसजशी ती बदलत जाते तसतशी वाक्यं साफ होत जातात. सुरुवातीला ती लपवते, टाळते, नवऱ्याचा विषय बाजूला सारते. शेवटाकडे काही लपवत नाही. म्हणजे माणूस म्हणून ती कमी होत गेली की जास्त, हे मला ठरवता येत नाही. नवऱ्याची वही वाचते तेव्हा ती पुरती बदललेली आहे, आणि तिथेच ती पहिल्यांदा त्याच्यासाठी हळहळते. हे मी आधी नुसतं वाचलं होतं, आता दिसलं.

त्या वहीत त्याने काय लिहिलंय तेही पुन्हा बघितलं. आपल्याच मोहिमेतल्या माणसांसारखी हुबेहूब दुसरी माणसं मनोऱ्याकडे जाताना त्याने पाहिली. म्हणजे घरी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला तो, ज्याच्या आजारपणाची ती साक्षीदार झाली तो, नवरा नव्हताच. मग ती कोणासाठी रडली? आणि जो खरा होता त्याच्यासाठी तेव्हा कोणीच रडलं नाही. पहिल्या वाचनात मी हे एका ओळीत ओलांडून गेले होते, कारण पुढे काय होतंय याची घाई होती.

तिसरी_घंटा, तुमचं म्हणणं मनाला फार लागलं. 'प्रत्येक मोहीम पहिलीच मोहीम आहे' हे मी वहीत उतरवून घेतलं. पण त्यामुळेच मला वाटतं की पुढे जायला हवं. त्या बायकांना मागच्यांच्या वह्या वाचू दिल्या नाहीत. आपल्याला कोणी अडवलेलं नाही. तिने झडप उघडून त्या ढिगात हात घातला तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. मग मी स्वतः झडप लावून घेऊन बसणं मला जमणार नाही.

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण 'निरोगी' हा तुमचा मुद्दा घेऊन दुसरा भाग वाचेन.

तर ठरलं. आधी पहिला भाग पुन्हा एकदा, सावकाश, मग थोडा काळ जाऊ देऊन 'ऑथॉरिटी'. तोवर त्याबद्दल या धाग्यावर कोणी काही उघड करू नका. माझा वाचून झाला की वेगळा धागा काढते, तिथे तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत सगळं बोलू.

---

तिसरी_घंटा

झडपेचा मुद्दा मान्य. नवा धागा काढाल तेव्हा हाक मारा. मी दुसऱ्या भागाच्या पुढे गेलेलो नाही, तेव्हा तिसरा तुमच्याबरोबरच वाचतो.